आधी पाठ, मग खोगीर: नव्या स्वारांसाठी खोगीर पारखण्याची रीत

खोगीर घ्यायला निघालेला नवा स्वार दुकानात पोचला की आधी स्वतः त्यावर बसून पाहतो. बैठक मऊ लागली, चामडं चकाकलं, किंमत खिशाला पेलली की सौदा पक्का. ज्या पाठीवर ते रोज चढणार, ती पाठ तोवर तबेल्यात उभी असते आणि तिचं माप कुणी घेतलेलं नसतं. हा क्रम उलटा करा, एवढंच मला सांगायचं आहे. आधी घोड्याची पाठ पाहा, मग खोगिराची तब्येत, मग दोघांचा मेळ, आणि स्वाराची सोय त्यानंतर.

न बसणाऱ्या खोगिराची तक्रार घोडा आपल्या परीनं करतच असतो. तंग, म्हणजे खोगीर बांधायचा पोटाखालचा पट्टा, आवळताना कान मागे टाकतो, चावायला येतो, रिकिबीत (पाय ठेवायच्या लोखंडी कडीत) पाय ठेवला की पाठ खाली दबवतो, एका बाजूला वळायला नकार देतो. आपल्याकडे अशा घोड्यावर ‘खोडीचा’ असा शिक्का बसतो, मग त्याच्या तोंडात कडक लगाम जातो आणि शेवटी तो विकला जातो. खोड समजून आपण ज्याला मारतो ते कित्येकदा निव्वळ दुखणं असतं.

पुढचं सगळं इंग्लिश पद्धतीच्या सर्वसाधारण खोगिराबद्दल आहे. क्लबांत त्याला जीपी (जनरल पर्पज) सॅडल म्हणतात आणि आपल्याकडच्या बहुतेक रायडिंग स्कूलमध्ये शिकणारे त्याच्यावरच बसतात. जत्रेत मिळणारी गोंडे-आरशांची खोगिरं मिरवणुकीपुरती घ्यावीत. त्यांतल्या पुष्कळांना आत सांगाडा नसतो, कण्यावर मोकळी जागा नसते आणि स्वाराचं वजन थेट मणक्यांवर येतं. लांब रपेटीला ती वापरू नयेत.

पहिलं काम: पाठ वाचा

घोडा सपाट जमिनीवर चारी पाय सरळ ठेवून उभा करा. मान वळलेली नको, तोंडात चारा नको. मोतद्दाराला, म्हणजे घोडा सांभाळणाऱ्याला, पुढे उभं करा आणि तुम्ही डाव्या बाजूनं सुरुवात करा.

मानेच्या बुडाशी, जिथे आयाळ संपते, तिथला उंचवटा म्हणजे विदर्स. त्याच्या खाली, खांद्याचं रुंद चपटं हाड कातडीखाली हाताला लागतं. त्याची मागची कड बोटांनी चाचपा आणि खडूनं रेघ मारा. खोगिराचा सांगाडा या रेघेच्या मागेच हवा. पुढचा पाय पुढे पडतो तेव्हा या हाडाचं वरचं टोक मागे फिरतं. खोगीर तिथे आड आलं की घोडा पाऊल आखडतं घेतो.

आता मागची हद्द. घोड्याला साधारणपणे फासळ्यांच्या १८ जोड्या असतात. शेवटची फासळी कुशीजवळ बोटाला लागते. तिच्या कलानं वर आणि थोडं पुढे जात कण्यापर्यंत पोचा आणि तिथे दुसरी खूण करा. या खुणेमागे कंबर सुरू होते. तिथे खालून फासळ्यांचा आधार नाही, म्हणून तिथे वजन येता कामा नये. दोन खुणांमधली जागा हीच काय ती खोगिराची जागा. आखूड पाठीच्या लहान तट्टावर ती इतकी थोडी निघते की मोठ्या माणसाला लागणारं साडेसतरा इंची खोगीर तिथे मावतच नाही. अशा वेळी स्वार बदलावा लागतो किंवा घोडा. त्यावर तिसरा उपाय मला माहीत नाही.

वजनाचंही इथेच पाहून घ्या. स्वार, खोगीर आणि बाकी सामान मिळून घोड्याच्या वजनाच्या १५ ते २० टक्क्यांच्या आत ठेवावं. ओहायो स्टेट विद्यापीठाच्या अभ्यासात (२००८) २५ आणि ३० टक्के भार वाहणाऱ्या घोड्यांचे स्नायू जास्त दुखावलेले आढळले. ३५० किलोच्या घोड्यासाठी २० टक्के म्हणजे ७० किलो, आणि त्यात खोगिराचे सहा-आठ किलो आलेच. खोगीर कितीही उत्तम असलं तरी हे गणित बदलत नाही.

मग कण्याच्या दोन्ही बाजूंनी, कण्यापासून चार बोटं दूर, पसरट बोटांनी हलका दाब देत विदर्सपासून कंबरेपर्यंत या. नखं रुतवू नका. निरोगी घोडा स्वस्थ उभा राहतो. एखाद्या जागी तो दचकला, कातडी थरथरली किंवा पाठ खाली गेली तर ती जागा लक्षात ठेवा. विदर्सच्या मागे दोन्ही बाजूंना खळगे पडलेत का, गडद घोड्याच्या पाठीवर पांढऱ्या केसांचे ठिपके आहेत का, हेही पाहा. पांढरे केस म्हणजे तिथे कधीतरी इतका दाब पडला होता की केसांची मुळंच दुखावली. जखम भरते, पण पांढरे केस बहुधा तसेच राहतात. घोडा विकत घेतानाही ही खूण शोधावी, कारण मागचा मालक ती सांगत नाही. पाठ आत्ता दुखत असेल तर खोगिराचा शोध थांबवा आणि आधी पशुवैद्याला दाखवा. तंग आवळताना होणारा त्रास पोटातल्या अल्सरमुळेही असू शकतो, तेव्हा सगळं खापर खोगिरावर फोडू नये.

मुंबई-पुण्याच्या शर्यतींतून निवृत्त झालेले थरोब्रेड जातीचे घोडे पुष्कळ क्लबांत शिकवणीला असतात. त्यांचे विदर्स बहुधा उंच आणि मागपर्यंत लांब गेलेले असतात. मारवाडी आणि काठेवाडी घोडे अंगानं सहसा अरुंद. उलट गोल पाठीच्या, बसक्या विदर्सच्या तट्टांवर खोगीर पुढे घसरतं किंवा एका कुशीवर फिरतं. मित्राच्या घोड्याला झकास बसलेलं खोगीर तुमच्या घोड्याला बसेलच असं नाही, ते यासाठी.

पाठीचा नकाशा काढा

चित्रकलेच्या सामानाच्या दुकानात वाकवली की तशीच राहणारी लवचीक पट्टी मिळते. साठ सेंटिमीटरची घ्या. ती नसेल तर जाड, कडक वायरही चालते. खांद्याच्या रेघेमागे दोन बोटांवर ती पाठीवरून आडवी ठेवा, दोन्ही बाजूंनी अंगाला चिकटवा, अलगद उचला आणि पुठ्ठ्यावर आतल्या कडेनं रेघ काढा. तसंच वीतभर मागे दुसरं माप, आणि जिथे खोगीर संपणार तिथे तिसरं. चौथं माप कण्याच्या लांबीनं, विदर्सपासून शेवटच्या फासळीपर्यंत, म्हणजे पाठ सपाट आहे की खोलगट ते कळतं. प्रत्येक रेघेवर डावं-उजवं आणि तारीख लिहा.

हे पुठ्ठे कापून ठेवले की दुकानात घोडा न नेताही नव्वद टक्के खोगिरं तुम्ही बाद करू शकता. पुठ्ठा खोगिराच्या पोटात धरायचा आणि कोन जुळतो का ते पाहायचं. सहा महिन्यांनी पुन्हा मापं घ्या. कामाला लागलेल्या घोड्याची पाठ भरते, विश्रांतीवर असलेल्याची उतरते आणि वाढत्या वयाच्या शिंगराची तर सारखीच बदलत असते.

खोगीर हातात घेऊन पारखा

सगळ्यात आधी सांगाडा, म्हणजे ट्री. तो लाकडाच्या चिकटवलेल्या पातळ थरांचा आणि पोलादी पट्ट्यांनी मजबूत केलेला असतो, किंवा प्लास्टिकचा असतो. बाहेरून दिसत नाही, आणि मोडलेला असला तर बाकी सगळं चांगलं असूनही खोगीर फेकण्याच्या लायकीचं असतं. खोगिराचा पुढचा भाग पोटाशी टेकवा, मागची कड दोन्ही हातांनी धरा आणि आपल्याकडे ओढा. स्प्रिंगचा सांगाडा थोडा लवचीकपणे झुकेल आणि लगेच परत येईल, तेवढं चालतं. बैठकीच्या मध्यावर आडवी घडी पडली, कटकट आवाज आला किंवा मागची कड सैल लागली तर सांगाडा गेलेला आहे. मग पुढच्या कमानीच्या दोन्ही बाजू हातांत धरून आत दाबा आणि बाहेर ताणा. इथे जराही हालचाल नको, आवाज नको. घोडा खोगिरासकट लोळला किंवा खोगीर उंचावरून पडलं की बहुधा इथेच मोडतं.

आता ते उलटं करून मांडीवर घ्या आणि मागून पुढे डोळा लावून मधल्या पन्हळीतून पाहा. पन्हळ सरळ हवी, दोन्ही गाद्या सारख्या जाडीच्या हव्यात. तीन बोटं पन्हळीत आडवी घाला आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. मागच्या बाजूला पन्हळ निमुळती होत जाणारी खोगिरं पुष्कळ दिसतात. ती कण्याला दोन्ही बाजूंनी चिमटतात. पुढून मोकळी दिसली म्हणून फसू नका.

गाद्या तळहातानं दाबत जा. आत लोकर असेल तर हाताला ती किंचित दबणारी पण एकसारखी लागायला हवी. गाठी, खड्डे, दगडासारखा कडकपणा हे दोष आहेत. लोकरीची भरती उसवून पुन्हा भरता येते आणि घोड्याची पाठ बदलली तर तीत कमीजास्त करता येतं. फोमच्या गादीला ती सोय नाही. आपल्याकडे खोगीर दुरुस्त करणारा सहज मिळत नाही हे खरं, तरी निवड करायची झाली तर मी लोकरच घेईन.

चामड्याची पारख डोळ्यापेक्षा हातानं चांगली होते. पट्टा बोटावर वाकवा. चांगल्या चामड्यावर बारीक सुरकुती येते आणि सोडल्यावर जाते. वरचा थर तडकला किंवा रंगाचा पापुद्रा सुटला तर ते चामडं वाळलेलं आहे किंवा वरून फासलेलं आहे. मागची बाजू पाहा. तिथे लोंबते, सैल तंतू दिसले तर चामडं जनावराच्या पोटाकडच्या भागाचं असण्याचा संभव आहे, ते ताणत राहतं. वनस्पतींच्या सालीनं कमावलेल्या चामड्याला स्वतःचा असा मातकट वास असतो. रसायनांचा उग्र भपकारा आला तर मी दोनदा विचार करते. शिवण एकसारखी, घट्ट आणि चामड्यात किंचित बसलेली हवी. नख घालून टाका उचलून पाहा, सुटत असेल तर कुजलेला आहे.

आणि आता जिवाचा प्रश्न. तंग ज्यांना अडकवतात ते पट्टे वर उचलून मुळापर्यंत पाहा. भोकं लांबट झालीत का, भोकाभोवती चिरा आहेत का, मुळाशी असलेली जाड नवार उसवलीय का? बहुतेक खोगिरांना प्रत्येक बाजूला तीन पट्टे असतात. पहिला वेगळ्या नवारीला शिवलेला असतो, दुसरा आणि तिसरा एकाच नवारीला. म्हणून तंग लावताना पहिला पट्टा आणि त्याबरोबर उरलेल्या दोनांपैकी एक, असेच लावा. दुसरा-तिसरा एकत्र लावले आणि त्यांची नवार तुटली तर स्वार खोगिरासकट खाली येतो.

रिकिबीचा पट्टा ज्या लोखंडी दांडीवर अडकतो तिच्या टोकाला कळ असते. ती वर उचलून बंद करता येते, पण चालवताना कायम उघडी ठेवा. पडल्यावर पाय अडकला तर पट्टा निसटायला हवा. कळ गंजून बंद अडकली असेल तर दुरुस्त होईपर्यंत त्या खोगिरावर कुणालाही बसवू नका, मुलांना तर नाहीच. रिकिबी स्टेनलेस स्टीलच्या घ्या. मुलामा दिलेल्या स्वस्त रिकिबी वाकतात, कधी मोडतात.

उघड्या पाठीवर ठेवून पाहा

नमदा, म्हणजे खोगिराखाली घालायचं कापड, न घालता ठेवा. खोगीर किंचित पुढे, विदर्सवर ठेवा आणि केसांच्या कलानं मागे सरकवा. एका जागी ते आपणहून थांबतं. तीच त्याची जागा. उलट पुढे ढकलू नका, केस उलटे होऊन टोचतात.

पुढच्या कमानीखाली उभी बोटं घाला. रिकाम्या खोगिराखाली विदर्सवर तीनेक बोटं आणि स्वार बसल्यावर निदान दोन बोटं मोकळी हवीत. नुसतं वरून पाहून थांबू नका, विदर्सच्या दोन्ही कुशींनाही जागा लागते. त्यानंतर कमानीचा कोन. खोगिराची बाजूला लोंबणारी चामड्याची पाती उचला आणि सांगाड्याचं टोक पाहा. ते खांद्यामागच्या उताराला समांतर हवं. तुमचा पुठ्ठ्याचा नकाशा इथे उपयोगी पडतो.

अरुंद आणि रुंद यांतला फरक नीट समजून घ्या, कारण पुष्कळ जण उलटा निष्कर्ष काढतात. अरुंद सांगाडा पाठीवर खाली उतरतच नाही. कमान वर राहते, बोटं भरपूर मावतात आणि माणूस म्हणतो, वा, जागा छान आहे! प्रत्यक्षात सांगाड्याची दोन टोकं खांद्यामागच्या स्नायूंत रुतत असतात आणि स्वार मागे झुकतो. रुंद सांगाडा पुढे कोसळतो, कमान विदर्सवर टेकते आणि स्वार पुढे ओणवा होतो. म्हणून विदर्सवरची मोकळी जागा नेहमी तोलाबरोबर तपासा. बैठकीत गोल पेन्सिल आडवी ठेवा. ती मध्यावर येऊन थांबली तर तोल बरोबर. मागे घरंगळली तर पुढचा भाग उंच आहे, पुढे आली तर पुढचा भाग खाली गेलाय.

तंग हलका आवळा आणि गादीखाली सपाट तळहात पुढून मागे सरकवत न्या. दाब सगळीकडे सारखा लागला पाहिजे. मध्यावर हात मोकळा फिरला तर खोगीर पुलासारखं दोन टोकांवर उभं आहे, चार ठिकाणी सगळं वजन येणार. उलट, एक हात पुढे एक हात मागे ठेवून दाबल्यावर ते झुलत असेल तर पाठीपेक्षा खोगिराचं पोट गोल आहे. थोडाफार फरक भरतीनं निघतो, मोठा निघत नाही.

तंग घोड्याच्या कोपरामागे साधारण तळहाताच्या रुंदीएवढ्या अंतरावर, छाती जिथे निमुळती होते तिथे बसतो. पट्टे खोगिरापासून त्या जागेपर्यंत सरळ खाली यावेत. तिरके येत असतील तर तंग आपली जागा शोधताना खोगिराला पुढे किंवा मागे ओढत राहील. शेवटी मोतद्दाराला पुढचा पाय उचलून पुढे ओढायला सांगा आणि तुमचा हात खांदा व खोगीर यांच्यामध्ये ठेवा. हात चिरडला तर खांदाही चिरडतोय.

स्वार बसल्यावर, आणि उतरल्यावर

चढताना ओटा किंवा मजबूत पेटी वापरा. जमिनीवरून चढल्यानं प्रत्येक वेळी सगळं वजन एका बाजूला लटकतं, घोड्याची पाठ आणि सांगाडा दोन्ही पिळतात. डाव्या रिकिबीचा पट्टाही त्यामुळे जास्त ताणतो, म्हणून दोन्ही पट्टे अधूनमधून अदलाबदल करावेत.

एक जाणता माणूस मागे उभा करा. कदम चालीत, दुडकीत आणि कँटरमध्ये (संथ दौडीत) खोगीर मध्यावर राहतंय का, मागचा भाग उसळतोय का, हे त्यानं पाहायचं. खोगीर सारखं एका बाजूला जात असेल तर दोष खोगिराचाच असेल असं नाही. घोड्याचा एक खांदा मोठा असतो, स्वार वाकडा बसतो, आणि मागच्या पायातल्या बारीक लंगडीमुळेही असं होतं. दुसऱ्या स्वाराला बसवून पाहिलं की उलगडा व्हायला मदत होते.

घाम येईपर्यंत काम केल्यावर खोगीर उचला आणि पाठीकडे पाहा. दोन्ही बाजूंना सारखा ओला ठसा आणि मध्ये कोरडी पन्हळ, हे चांगलं लक्षण. ओल्यात एखादा कोरडा डाग दिसला तर तिथे एक तर गादी टेकतच नाही किंवा इतकी दाबते की घामच येत नाही. ते ओळखायला मघाचा तळहात पुन्हा फिरवा. केस उलटे, विस्कटलेले असतील तर तिथे खोगीर घासतंय. दुसऱ्या दिवशी पाठ परत चाचपा. कालचं दुखणं आज समजतं.

आता तुमची पाळी

बैठकीचं माप पुढच्या खिळ्याच्या टोपीपासून मागच्या कडेच्या मध्यापर्यंत इंचांत घेतात. ते तुमच्या वजनापेक्षा मांडीच्या लांबीवर जास्त ठरतं. खुर्चीवर टेकून बसा आणि पाठीमागून गुडघ्याच्या टोकापर्यंत मोजा. २० ते साडेएकवीस इंच आलं तर १७ इंची, त्यापुढे २३ पर्यंत साडेसतरा, हा ढोबळ अंदाज. बसल्यावर तुमच्या मागे साधारण तळहाताएवढी जागा उरावी आणि गुडघा पातीच्या पुढच्या कडेबाहेर जाऊ नये. खांदा, कंबर आणि टाच एका सरळ रेषेत विनासायास येतात का? त्यासाठी सतत झगडावं लागत असेल तर त्या खोगिराचा तोल तुमच्यासाठी नाही. बैठकीचा मधला भाग किती रुंद लागतो हेही पाहा. मांड्या फाकल्यासारख्या वाटल्या किंवा पुढून टोचलं तर सवय होईल या आशेवर घेऊ नका.

रिकीब बुटापेक्षा दोन्ही बाजूंनी अर्धा-अर्धा इंच रुंद हवी. त्याहून अरुंद असली तर पाय अडकतो, फार रुंद असली तर आत निसटतो.

नमदा, किंमत आणि पावसाळा

जाड नमदा घालून वाईट खोगीर चांगलं होत नाही. आधीच अरुंद असलेल्या खोगिराखाली जाडी वाढवली की ते आणखी अरुंद होतं. नमदा पातळ, सुती, धुता येणारा घ्या आणि तंग आवळण्याआधी तो पन्हळीत वर उचला, म्हणजे विदर्सवर ताणून बसणार नाही.

भारतात खोगिरांचं गाव म्हणजे कानपूर. १८६०च्या दशकात इंग्रजी फौजेसाठी तिथे सरकारी कारखाना निघाला, आज तिथली खोगिरं जगभर जातात आणि कानपूर सॅडलरीला भौगोलिक मानांकन आहे. तिथे उत्तम मालही बनतो आणि अगदी हलका मालही, तेव्हा नुसत्या गावाच्या नावावर भरवसा ठेवू नका. ऑर्डर देताना पाठीचे नकाशे पाठवा, सांगाड्याची रुंदी लेखी ठरवा आणि न बसल्यास परत घेण्याचं आधी कबूल करून घ्या. बजेट कमी असेल तर नव्या स्वस्त खोगिरापेक्षा सांगाडा शाबूत असलेलं जुनं, चांगल्या चामड्याचं खोगीर घ्या. उंची बूट आणि हेल्मेट असे दोन खर्च समोर असतील तर बूट पुढच्या वर्षावर ढकला. हेल्मेट आणि खोगीर यांत मात्र काटकसर नको.

नव्या लोकरीची भरती वापरानं बसते. दोन-तीन महिन्यांनी सगळी तपासणी पुन्हा करा, त्यानंतर वर्षातून निदान एकदा. पावसाळ्यात कोकणात आणि घाटमाथ्यावर चार दिवस न वापरलेल्या खोगिरावर बुरशी धरते. ओलं झालेलं खोगीर उन्हात किंवा हीटरजवळ ठेवू नका, सावलीत वाऱ्याला वाळवा. प्लास्टिकच्या पिशवीत बांधू नका, सुती कापडानं झाका. ग्लिसरीनचा साबण ओलसर स्पंजवर घेऊन घाम-माती काढा, तेल अगदी पातळ हातानं आणि क्वचित लावा, कारण जास्त तेलानं चामडं लिबलिबीत होतं आणि शिवण कुजते. ठेवताना खोगीर गोल, रुंद घोडीवर, म्हणजे लाकडी स्टँडवर ठेवा. अरुंद पाइपवर महिनाभर राहिलं तर गाद्यांत खाच पडते आणि ती खाच घोड्याच्या पाठीला लागते.